डब्यातली शिल्लक



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वर्षाकाठी चार-पाच तरी पत्रं अशी असतात, की ज्यांच्यावर नाव नसतं. खाली नुसतं ‘एक वाचक’ किंवा ‘तुमची एक बहीण’ एवढंच. अशी पत्रं मी आधी वाचते. नाव गाळलं म्हणजे आत काहीतरी खरं असणार, हा माझा अनुभव आहे.

परवा असंच एक पत्र आलं. लिहिणारीचं लग्न होऊन चौदा वर्षं झालीत. नवरा सज्जन, घरात कसली वाण नाही. पण ती गेली काही वर्षं घरखर्चातून थोडे थोडे पैसे काढून ठेवते आणि नवऱ्याला सांगत नाही. ‘आता पंचवीस हजारांच्या वर झालेत,’ ती लिहिते. ‘मोजताना आनंद होतो आणि डबा मिटताना चोर असल्यासारखं वाटतं. माझी शाळेतली मैत्रीण बँकेत मॅनेजर आहे, तिला सगळे यशस्वी म्हणतात. मी आयुष्यात काय केलं, तर घरातलेच पैसे घरात लपवले. मी खोटारडी आहे का?’

या पत्राला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. डाग कशाने जातो, लोणच्याला बुरी का येते, अशा प्रश्नांना मी तशीच देते. पण हे पत्र वाचून मी लिहायची वही मिटून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच खालच्या फळीवरचे डबे पुसत बसले. कारण माझ्याकडेही असा एक डबा होता. उडदाच्या डाळीचा.

उडदाचाच का, तर आमच्याकडे उडीद फक्त इडलीच्या रविवारी लागतो, आणि आमचे हे तुरीची डाळ कुठली नि हरभऱ्याची कुठली हे अजून विचारून घेतात. म्हणजे डबा सुरक्षित! १९९८ साली, थोरली पहिलीत गेली त्या वर्षी, मी त्यात पहिली दहाची नोट ठेवली. रद्दीचे आले. मग फॉल-पिकोचे. भाऊबिजेची ओवाळणी. भाजीवालीशी घासाघीस करून सुटलेले दोन-तीन रुपये. आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, की वांगी बारा रुपयांना आणून पंधराला सांगायची, तेही. वरचे तीन रुपये डब्यात. दहाच्या नोटा साठल्या, की किराणावाल्याकडून शंभराची करून घ्यायची, शंभराच्या पाच झाल्या की पाचशेची. जागा कमी लागते म्हणून! या हुशारीची फळं पुढे मला चांगलीच मिळाली. नोटांना किडा लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला घातलेला होता. त्या वासाने मला आजही दुपारचे अडीच वाजल्यासारखे वाटतात. घर निजलेलं, नळ बंद, आणि मी जमिनीवर फतकल मारून नोटा मोजते आहे.

तो आनंद खोटा नव्हता, हे मी त्या भगिनीला आधी सांगेन. साड्या मी नेसले, दागिनेही ठीकठाक होते, पण ‘हे माझं’ असं म्हणावं, असं त्या डब्यापलीकडे घरात काही नव्हतं. गोदरेजच्या कपाटाची किल्लीसुद्धा सासूबाईंच्या कमरेला.

आता गंमत ऐका. पैसे माझे खरे, पण ते मला खर्चता कुठे येत होते? थोरलीला सहावीत स्कॉलरशिपच्या वर्गाचं पुस्तकांचं संच घ्यायचा होता. ह्यांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं. मी डबा उघडला, पुस्तकं आणली आणि सांगितलं, ‘मामाने पाठवलेत पैसे.’ लेकीने मामाला पत्र लिहिलं. आभाराचं! मला भावाला गुपचूप फोन करून सांगावं लागलं, की बाबा रे, पत्र येईल, हो म्हण. पुढे मिक्सर बिघडला, तो दुरुस्त झाला ‘आईने दिलेल्या’ पैशांनी. धाकट्याची सायकल पुन्हा मामाकडून. दहा वर्षांत माझ्या भावाचं आमच्या घरात एवढं नाव झालं, की ह्यांनी एकदा जेवताना म्हटलं, ‘तुझा भाऊ लाखमोलाचा माणूस. आमच्याकडे असं कुणी करत नाही.’ मी आमटी वाढत होते. काय बोलणार? भाऊ बिचारा चांगलाच आहे, पण सायकल त्याने घेतली नव्हती.

पैसे लपवल्याचा परिणाम असा झाला, की देणारीही लपली. एवढी वर्षं मी माझ्या हाताने दिलेलं एकही माझ्या नावावर लागलं नाही. पत्रलेखिकेला चोर असल्यासारखं वाटतं ते का, याचा मला या अंगाने उलगडा होतो. चोरी तिने नवऱ्याची केलेली नाही. तिचं श्रेय मात्र कुठेतरी चोरीला जात असणार, आणि ते ती आपणहून देत असणार.

आणि हे पैसे कुणाचे, हा प्रश्न तुम्हा-आम्हालाच पडतो असं समजू नका. कोर्टांनाही पडलेला आहे. १९४३ साली इंग्लंडात एका जोडप्याचं भांडण कोर्टात गेलं होतं. बाईने घरखर्चातून काटकसर करून शंभर पौंडांच्या आसपास सहकारी संस्थेत ठेवले होते. न्यायाधीशांनी निकाल दिला, की घरखर्चाचे पैसे नवऱ्याचे, म्हणून त्यातून वाचलेलेही नवऱ्याचे! बाईच्या काटकसरीची किंमत शून्य. त्या देशाने १९६४ साली कायदा केला, तेव्हा कुठे वाचलेल्या पैशांत दोघांचा निम्मा निम्मा वाटा ठरला. आपल्याकडे स्त्रीधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितलं आहे, की ते सर्वस्वी बाईचं, नवरा त्यात भागीदार नाही. पण स्त्रीधन म्हणजे माहेरचं, सासरचं, भेटी-आहेराचं. वांग्यातल्या तीन रुपयांचं काय?

घरातल्या बाईच्या कामाचा हिशेबही असाच चाचपडत लावला जातो. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात मोठी आग लागून अनेक बायका-मुलं गेली. नुकसानभरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००१ साली निकालात निघाला, तेव्हा घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं गेलं. म्हणजे वर्षाला ३६,०००. हा आकडा लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे. सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली, तीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, आणि पुरुष ९७ मिनिटं. तेही जे पुरुष करतात ते! न करणारे या हिशेबात धरलेलेच नाहीत. आमच्या घरातल्या ९७ मिनिटांचा शोध मी अजून घेते आहे.

असो. मूळ गोष्टीकडे येते, म्हणजे जी सांगायला जड जातं तिच्याकडे.

२०११ सालच्या जुलैत थोरलीला पुण्याला प्रवेश मिळाला. फी भरली, वसतिगृहाची अनामत, पुस्तकं, मेसचे आगाऊ पैसे अशी जुळवाजुळव करता करता वीस हजार कमी पडले. ह्यांनी पतपेढीचं कर्ज आधीच घेतलेलं होतं. मुदत चार दिवसांची. ‘दादाकडे जाऊन येतो,’ म्हणाले. मोठे भावजी कोल्हापूरला. ह्यांनी आयुष्यात भावापुढे हात पसरलेला नव्हता. सकाळच्या एस.टी.ने गेले, रात्री साडेदहाला परत आले. हातपाय धुतले, ताटावर बसले आणि भात चिवडत राहिले. मी विचारलं, ‘मिळाले ना?’ म्हणाले, ‘मिळाले. वहिनी आत जाऊन घेऊन आल्या. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत जमेल ना भावजी, नक्की?’ मग एवढंच, ‘दोनदा विचारलं त्यांनी.’ आणि ताट सरकवून उठले.

त्या रात्री उडदाच्या डब्यात अठरा हजार पाचशे रुपये होते.

मी ताट उचललं, भांडी घासली, ओटा पुसला. डबा माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. आदल्या दोन रात्री मी जागी होते. काढावेत, असं म्हणत होते. आणि मग वाटायचं, एकदा हे पैसे घराचे झाले, की संपलं. पुन्हा माझं म्हणून काही उरणार नाही. आणि विचारतील, इतकी वर्षं कुठे होते? वांग्यांचं कळेल. मामाचं कळेल. शेवटी मी स्वतःची समजूत घातली, की भाऊच आहे, परका थोडाच, भावाकडून घेण्यात काय कमीपणा! कमीपणा मला घ्यायचा नव्हता, म्हणून मला तो लहान दिसला.

दिवाळीच्या बोनसमधून ते पैसे फिटले. त्या दिवाळीत ह्यांनी स्वतःला काही घेतलं नाही, आणि चपला सांधून सांधून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वापरल्या. मी रोज संध्याकाळी दारात त्या चपला बघत होते.

मग आली ८ नोव्हेंबर २०१६ची मंगळवारची रात्र. तुम्हाला आठवतच असेल कोण कुठे होतं ते. आठच्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं, मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. मी पोळ्या करत होते. हे खोलीतून ओरडले, ‘अगं, आपल्याकडे कितीशा असतील? माझ्या पाकिटात तीन आहेत!’ आणि हसले. तव्यावरची पोळी करपली. दहाच्या नोटा दहाच्याच ठेवल्या असत्या, शंभराच्या शंभराच्या, तर मला कुणी विचारायलासुद्धा आलं नसतं. जागा वाचवायला म्हणून मी मोठ्या नोटा करत गेले होते ना!

रात्रभर मनातल्या मनात वाटा शोधल्या. शेजारणीला द्यावेत, तर तिचाही डबा असणार. किराणावाला घेईल, तर उद्या गावभर होईल. सोनं घ्यावं, तर दुकानांपुढे रांगा, आणि पुन्हा ते लपवायचं कुठे? बुधवारी बँका बंद होत्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी डबा आणून पलंगावर पालथा केला. डाळ, पाला, नोटा. पाचशेच्या ५३ आणि हजाराच्या ७. तेहतीस हजार पाचशे.

मला वाटलं होतं संतापतील. झालं भलतंच. आधी गप्प बसले, मग मोजायला लागले आणि मग जे हसू लागले ते थांबेनात. ‘अगं, तू तर बँकच निघालीस!’ गुरुवारी दोघंही रांगेत उभे राहिलो. गॅस सिलिंडर माझ्या नावावर असल्यामुळे २०१५ साली सबसिडी जमा व्हायला म्हणून माझं एक खातं उघडलेलं होतं. त्यात तोवर सबसिडीखेरीज छदाम नव्हता. ह्यांनी फॉर्म स्वतःच्या खात्याचा भरायला घेतला. मी म्हटलं, ‘माझ्या खात्यात.’ लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि पैशाच्या बाबतीत मी ह्यांच्यापुढे उच्चारलेलं ते पहिलं स्पष्ट वाक्य. त्यांनी फॉर्म फाडला, दुसरा घेतला. शिक्का मारलेलं पासबुक हातात आलं, तेव्हा मला तो ३६,०००चा आकडा ठाऊक नव्हता. पुढे कधीतरी वाचनात आला आणि मी बोटं मोजली. कोर्टाच्या हिशेबाने बाईचं एका वर्षाचं मोल छत्तीस हजार, आणि माझी अठरा वर्षांची शिल्लक साडेतेहतीस!

त्या दिवसांत घराघरांतून असे डबे निघाले. सरकारलाही ते दिसले, गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी नाही, असं जाहीर करावं लागलं. पुढे २०२१ साली आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानेही एका गृहिणीच्या बाजूने निकाल देताना घरखर्चातून वाचवलेले असे पैसे लपवलेलं उत्पन्न धरता येणार नाही, असंच म्हटलं. गुपित उघडं पडलं खरं, पण बायका एवढं साठवून असतात हे देशाला कळलं. विनोद झाले, नवऱ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. आमच्या ह्यांनीही ती गोष्ट ऑफिसात, लग्नात, मुंजीत रंगवून रंगवून सांगितली. मीही हसायची.

आणि फेब्रुवारीत एका बारशाच्या जेवणात तीच गोष्ट सांगता सांगता ते सहज म्हणाले, ‘हिची बँक मला आधी माहीत असती, तर दादाकडे कशाला गेलो असतो!’ सगळे हसले. त्यांच्या मनात काहीही नव्हतं. डबा तेव्हाही भरलेला होता, हा हिशेब त्यांनी केलेलाच नव्हता. तो फक्त मला ठाऊक होता.

इथे मी गप्प बसू शकले असते. पत्रलेखिकेने हे नीट वाचावं. सगळं उघड झालं होतं, क्षमाही झाली होती, कौतुकसुद्धा झालं होतं. जेवढं सांगितलं तेवढं खरंच होतं. पण त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या ध्यानात आलं, की आता गप्प बसले तर मात्र मी खरोखरीच खोटारडी. आजवर ते नव्हते.

रात्री सांगितलं. दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले. रागावून नव्हे. राग मला कळतो, पेपर जोरात उलटला जातो. हे वेगळंच होतं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना विचारलं, ‘मी मागितले असते, तर दिले असतेस?’ माझ्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. किती सोपं होतं! मी म्हटलं, ‘माहीत नाही.’ ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणाले, ‘मलाही एक सांगायचंय.’ आणि मग कळलं, की २००७ साली त्यांनी एका मित्राला जामीन राहून बारा हजार भरले होते. पतपेढीचं कर्ज घराच्या रंगासाठी काढलं म्हणून सांगितलं होतं, त्यातले निम्मे त्यात गेले होते! मी म्हणत असायची, एवढ्या पैशांत एकच हात कसा दिला रंगाचा. पुरुष कर्ज लपवतात, बायका शिल्लक लपवतात. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

आता पत्रलेखिकेने लगेच आज रात्री डबा पलंगावर पालथा करावा, असं मी सांगत नाहीये. आणि इथे जरा थांबून दुसऱ्याच काही मैत्रिणींशी बोलते. ज्या घरात दारू आहे, जुगार आहे, मारझोड आहे, पगार दारात येण्याआधी गुत्त्यावर जातो, तिथल्या बायांनी हा लेख वाचून प्रामाणिकपणाचा झटका येऊन काही करू नये. तिथे तो डबा म्हणजे मुलांचं जेवण आणि वेळ आली तर एस.टी.चं तिकीट आहे. फार तर डबा बदला, बँकेत किंवा पोस्टात ठेवा, पासबुक बहिणीकडे असू द्या. तिथे गुप्तता हा खोटेपणा नाही.

पण पत्रलेखिकेचा नवरा सज्जन आहे, तिनेच लिहिलंय. सज्जन नवऱ्यापासून पैसे लपवावेसे वाटतात, ते तो हिरावून घेईल म्हणून नव्हे. मागावे लागतात म्हणून. केसाच्या पिनेसाठी, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाच्या आहेरासाठी, आईला औषध पाठवायचं म्हणून. तो देतोच, पण ‘कशाला?’ हा एक शब्द मध्ये असतो. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी पोटगीच्या एका निकालात नवऱ्यांना उद्देशून लिहिलं आहे, की घर सांभाळणाऱ्या बायकोला पैशाचा आधार द्या, जॉइंट खातं ठेवा, एटीएम कार्ड द्या. मी तो भाग ह्यांना वाचून दाखवला. म्हणाले, ‘आपण आधीच केलंय की!’ केलंय खरं. २०१७च्या चैत्रापासून महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात ठरावीक रक्कम पडते, तिच्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. सुरुवात पाचशेपासून झाली. पोस्टात आवर्ती ठेव शंभर रुपयांपासूनही उघडता येते, तेव्हा रक्कम लहान म्हणून लाजू नका. आणि आकडा दोघांना ठाऊक असू द्या.

राहता राहिलं यशाचं. बँकेतली मैत्रीण यशस्वी आणि आपण काही नाही, या दुखण्यावर लोक लगेच लिज्जत पापडाचं औषध देतात. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे केवढं झालं, वगैरे. गोष्ट खरी आहे, आणि मला त्या सात जणींबद्दल अपार आदर आहे. पण ती ऐकून मला तेव्हा दुप्पट ओशाळं व्हायचं. माझ्याकडे अठरा हजार असून मी एक पापड लाटला नव्हता! आता ती गोष्ट वाचताना ऐंशीच्या आकड्यापेक्षा माझी नजर भलतीकडे जाते. त्या बायकांनी पहिल्यापासून नफा-तोटा सगळ्यांचा आणि हिशेब सगळ्यांपुढे, असा रिवाज ठेवला. आपण काय कमावलं ते प्रत्येकीला स्वतःच्या तोंडाने सांगता येत होतं. मला मिक्सरच्या दुरुस्तीचे सव्वातीनशेही सांगता येत नव्हते. मैत्रिणीच्या पगाराशी पत्रलेखिकेने आपले पंचवीस हजार ताडून बघू नयेत. एखाद्या रविवारी मुलांच्या देखत स्वतःच्या पैशांची एखादी वस्तू आणावी आणि ‘ही मी आणली’ एवढं म्हणून बघावं. जीभ किती अडखळते ते कळेल. माझी तर चांगलीच अडखळली होती. धाकट्याला सायकलीचं सांगितलं तेव्हा तो आता बावीस वर्षांचा घोडा, तरी म्हणाला, ‘मग मामाला मी दर दिवाळीला वाकून नमस्कार करत होतो तो?’

एक धागा राहिलाच. जाऊबाईंचा.

‘दिवाळीपर्यंत जमेल ना, नक्की?’ या दोन वेळच्या विचारण्यावरून मी मनात त्यांना इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. ह्यांचा कमीपणा झाला तो त्यांच्यामुळे, असं ठरवून टाकलं की माझ्या डब्याकडे बघावं लागत नव्हतं. २०१८ साली पुतण्याच्या लग्नात आम्ही दोघी रुखवताच्या खोलीत रात्री जागत बसलो होतो. नोटाबंदीच्या गोष्टी निघाल्या. जाऊबाई म्हणाल्या, ‘माझे तर थोडकेच निघाले बाई. आधीच एकदा मोठा खड्डा पडला होता. तुमच्या लेकीच्या फीला दिले ना वीस हजार, ते माझे होते. ह्यांच्याकडे त्या दिवशी दोन हजारसुद्धा नव्हते. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला साठवलेले. ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं होतं, म्हणून मेलं तोंड उघडून दोनदा विचारावं लागलं भावजींना. फार वाईट वाटलं मला.’

मी त्या रात्री काही बोलले नाही. रुखवतातल्या करंज्या पुन्हा पुन्हा सरळ लावत राहिले. त्यानंतर पाच-सहा वेळा भेट झाली, दर वेळी ठरवून गेले आणि परत आले. ह्यांना सांगणं एक वेळ सोपं होतं. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला त्या आमच्याकडे आल्या होत्या. दुपारी घर निजलं होतं. मी चकल्यांचा डबा पुढ्यात ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, जुलैची ती रात्र, भाताचं ताट, हातभर अंतरावरचा डबा.

जाऊबाईंनी चकली मोडली. अर्धी मला दिली.

‘किती होते म्हणालीस तुझ्याकडे?’

‘साडेअठरा.’

‘अगं मेले,’ त्या म्हणाल्या, ‘मग मला दीडच हजार मागायचे होतेस की!’